नोंदवहीत न दिसणारा तुटवडा

२०२३ च्या सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबरचा प्रारंभ नांदेडकरांच्या स्मरणातून सहजासहजी पुसला जाणार नाही. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब पुरा झाला तेव्हा मृतांचा आकडा ३१ वर गेला आणि त्यांत १६ बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर जी चर्चा झाली ती सर्वस्वी साठ्याची आणि संख्येची होती. औषधे होती की नव्हती, खाटांच्या मानाने रोगी किती होते, परिचारिकांच्या जागा किती रिकाम्या होत्या, हाफकिनकडून खरेदीचे काम काढून नव्या प्राधिकरणाकडे सोपवताना मध्यंतरी काय घडले, असे प्रश्न विचारले गेले. शासनाने साठा पुरेसा असल्याचे सांगितले, विरोधकांनी ते अमान्य केले.

हा वाद आवश्यकच होता. परंतु त्यात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी गृहीत धरली होती. ती ही की, औषध भांडारात असले म्हणजे ते रोग्याच्या शरीरात आपले काम करणारच. प्रतिजैविकांच्या, म्हणजे ज्यांना आपण बोलीत अँटिबायोटिक म्हणतो त्या औषधांच्या बाबतीत हे गृहीत आता खरे राहिलेले नाही. अपुऱ्या दिवसांची, अत्यल्प वजनाची, हातघाईच्या अवस्थेत दाखल झालेली अर्भके, ही कारणे तेव्हा प्रशासनाने पुढे केली होती. त्या ३१ मृत्यूंचा भार जंतूंवर टाकून व्यवस्थेला मोकळे सोडावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण त्या यादीत ज्यांची संख्या निम्म्याहून अधिक होती, त्या कोवळ्या जिवांनाच एका दुसऱ्या तुटवड्याची झळ सर्वांत आधी लागते. भांडाराच्या नोंदवहीत हजार कुप्या जमा दिसतात. त्यांतील किती कुप्यांत अजून जंतूंना मारण्याचे सामर्थ्य उरले आहे, हे सांगणारा रकाना त्या नोंदवहीत नसतो.

शरीराची साथ नसताना

धडधाकट माणसाला जंतुसंसर्ग होतो तेव्हा औषध आणि शरीर मिळून लढाई लढतात. औषधाने जंतूंची संख्या आटोक्यात आणली की उरलेले काम रक्तातील पांढऱ्या पेशी पार पाडतात. त्यामुळे औषध थोडे उणे पडले तरी माणूस बहुधा तरून जातो आणि आपल्याला गोळीनेच बरे केले अशी समजूत करून घेतो. ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, त्याची गोष्ट निराळी आहे. आईच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये गर्भाला मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल ही शिदोरी न घेताच जगात येते. कर्करोगाच्या उपचारांनी पांढऱ्या पेशी घटतात. मधुमेह दीर्घकाळ अनियंत्रित राहिला की पायाची साधी जखमही चिघळते. मूत्रपिंड निकामी झाल्याने आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस घेणारा रोगी, मूत्रपिंडाचे आरोपण झालेला रोगी, एचआयव्हीबाधित रोगी, या सर्वांच्या बाबतीत लढाईचा जवळजवळ सारा भार एकट्या औषधावर येऊन पडतो. तेच निष्प्रभ ठरले तर त्यांना दुसरा आधार नाही.

या रोग्यांच्या वाट्याला आणखी एक दुर्दैव येते. त्यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागते, त्यांच्या शरीरात नळ्या आणि सुया दीर्घकाळ असतात आणि प्रतिजैविकेही त्यांना पुनःपुन्हा घ्यावी लागतात. साहजिकच औषधाला दाद न देणारे जंतू त्यांना अधिक सहजतेने गाठतात. पूर्वी आपल्या भागातल्या कर्करोग्याला बार्शी किंवा थेट मुंबई गाठावी लागे. आज लातूर-नांदेडातही केमोथेरपी आणि डायलिसिसची सोय झाली आहे, अकाली जन्मलेल्या बालकांसाठी अतिदक्षता कक्ष आहेत. नांदेडच्या रुग्णालयात हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातून रोगी येतात. लातुरात धाराशिव, बीड आणि बिदरकडचे येतात. ही प्रगती स्वागतार्हच आहे. पण या साऱ्या इमारतीचा पाया प्रतिजैविके काम करतील या एका विश्वासावर रचलेला आहे, याची जाणीव आपल्याला पुरेशी नाही.

हा पाया किती खचला आहे, हे समजण्यासाठी दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. १९९५ ते १९९८ या काळात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोडेबहुत शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले: ऊब, स्तनपान, स्वच्छता आणि रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची, म्हणजे सेप्सिसची, लक्षणे ओळखणे. लक्षणे दिसताच त्या घरातच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि कोट्रायमोक्साझोलचे पातळ औषध देत. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले आणि साऱ्या जगाने त्यांची दखल घेतली. दुसरा प्रसंग दिल्लीचा आहे. २०११ ते २०१४ या काळात तेथील तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या तेरा हजारांहून अधिक अर्भकांचा अभ्यास झाला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. सेप्सिस झालेल्या बालकांच्या रक्तात सापडलेल्या जंतूंपैकी ॲसिनेटोबॅक्टरच्या ८२ टक्के आणि क्लेब्सिएलाच्या ५४ टक्के नमुन्यांनी एकाच वेळी अनेक प्रकारच्या प्रतिजैविकांना जुमानले नाही. एकीकडे झोपडीत, दोन स्वस्त औषधांच्या बळावर वाचलेली मुले आहेत. दुसरीकडे राजधानीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असूनही औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंशी झुंजणारी मुले आहेत. खेडे आणि मोठे रुग्णालय यांची तंतोतंत तुलना होत नाही, हे मान्य. तरीही स्वस्त औषधांच्या सामर्थ्याची जी संपत्ती गडचिरोलीच्या त्या स्त्रियांच्या हाती होती, ती कोणी आणि कशी उधळली, हा प्रश्न उरतोच.

भूजलाचा धडा

अर्थशास्त्राच्या वर्गात सामाईक संपत्तीचा सिद्धांत शिकवताना पाठ्यपुस्तकात इंग्लंडमधल्या गायरानाचे उदाहरण असते. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला ते सांगावे लागत नाही. त्याला बोअरवेल ठाऊक असते. जमिनीखालचे पाणी कोणा एकाचे नसते. पण माझ्या रानात मी बोअर घेतली की त्यातून उपसलेले पाणी माझे होते आणि खाली गेलेली पातळी मात्र सर्वांची होते. शेजारी दोनशे फुटांवर थांबला तर मी चारशेवर जातो, मी चारशेवर गेलो तर तो सहाशेवर जातो. प्रत्येकाचा हिशेब स्वतःपुरता बिनचूक असतो आणि सर्वांचा मिळून सर्वनाश होतो. त्याचा शेवट आपण पाहिला आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली रेल्वे लातूरच्या स्थानकात उभी राहिली.

प्रतिजैविकांचे सामर्थ्य ही अशीच सामाईक संपत्ती आहे. गोळी खाजगी मालकीची असते, तिची किंमत खिशातून जाते. पण ती गोळी ज्या सामर्थ्यातून काम करते ते सर्वांचे असते आणि प्रत्येक वापरागणिक ते थोडे घटते. औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. अनुकूल परिस्थितीत काही जातींचे जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. शिवाय औषधाला निकामी करण्याची युक्ती एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूंना देऊ शकतात. म्हणून नायगावच्या तरुणाने सर्दीवर घेतलेल्या गोळीची किंमत विष्णुपुरीच्या काचेच्या पेटीतले बाळ मोजू शकते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात: व्यवहार दोघांत होतो आणि नुकसान तिसऱ्याचे होते. इथे तो तिसरा बहुधा सर्वांत अशक्त असतो. विहिरी आटतात तेव्हा मोठा बागायतदार टँकर मागवतो, टंचाई कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात शिरते. तसेच हे आहे.

या तुलनेला एक मर्यादा आहे आणि ती आपल्या विरुद्ध जाते. दोन चांगले पावसाळे झाले की भूजल काही अंशी भरून येते. प्रतिजैविकाचे गेलेले सामर्थ्य परत यायला फार काळ लागतो आणि पुष्कळदा ते परत येतच नाही.

धोक्याची सूचना कोणी दिलीच नव्हती असेही नाही. पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच बजावले होते की, लोक हे औषध अपुऱ्या मात्रेत घेऊ लागले तर जंतू त्याला सरावतील. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५५ साली, पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये भारतीय पेनिसिलीन तयार होऊ लागले. गरिबालाही हे औषध मिळावे, हा त्या सरकारी कारखान्यामागचा उद्देश उदात्त होता आणि त्याने असंख्य जीव वाचवले. औषध पोचवण्याची व्यवस्था आपण उभी केली. ते जपण्याची व्यवस्था उभी करायची राहून गेली. एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे २ लाख ९७ हजार मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले.

दोष कोणाचा?

अशा वेळी ‘लोक अडाणी आहेत, मेडिकलमधून हव्या त्या गोळ्या घेतात’ असे म्हणून सुशिक्षित माणूस मोकळा होतो. हा निष्कर्ष सोपा आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत अंगात ताप असलेल्या शेतमजूर बाईचा विचार करा. दवाखान्यात गेल्यास तिचा दिवसाचा रोज बुडतो, डॉक्टरांची फी जाते, एसटीचे भाडे जाते. मेडिकलमध्ये थोड्या पैशांत दोन गोळ्या मिळतात आणि ती दुसऱ्या दिवशी कामावर उभी राहते. तिला पगारी रजा नाही, वस्तीत स्वच्छ पाणी नाही, मोरीचे पाणी दारातूनच वाहते. गोळी ही तिच्यासाठी रजेची, नळाची आणि गटाराची स्वस्त बदली आहे. जे समाजाने पुरवायला हवे होते ते न पुरवल्यामुळे ती ते मेडिकलमधून विकत घेते. तिचा निर्णय तिच्या परिस्थितीत तर्कशुद्धच आहे.

डॉक्टरांचेही असेच आहे. गावातल्या दवाखान्यात आलेल्या रोग्याचा ताप विषाणूचा आहे की जीवाणूचा, हे सांगणारी तपासणी जवळ नसते. विषाणूच्या तापावर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक असते. पण औषध न लिहिता रोग्याला परत पाठवले तर तो समोरच्या दवाखान्यात जाणार, हेही ठाऊक असते. याशिवाय माणसांखेरीज जनावरांनाही ही औषधे दिली जातात. कोंबड्यांच्या खाद्यातून दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या औषधावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. बाकी सारी औषधे थकल्यावर अतिदक्षता विभागातले डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते हेच औषध. आणि ते आपण तोवर कोंबड्यांचे वजन वाढवायला वापरत होतो.

जुनी औषधे थकली तर नवी येतील, अशी आशा कोणी बाळगत असेल तर तिलाही अर्थशास्त्राचा आधार नाही. नवे प्रतिजैविक जितके चांगले, तितके ते राखून वापरावे लागते. आणि जे राखून वापरायचे, त्याचा खप होत नाही. ॲकाओजेन या अमेरिकी कंपनीच्या प्लाझोमायसिन या औषधाला २०१८ साली तेथील सरकारची मान्यता मिळाली आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. इंग्लंडने यातून वाट काढली आहे. २०२२ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा दोन औषधांसाठी उत्पादकांना वर्षाला ठरावीक रक्कम देते. मग ते औषध थोडे वापरले जावो की अधिक. अग्निशामक दलाला आपण आगींच्या संख्येवर पगार देत नाही, तसाच हा विचार आहे. आपल्यासारख्या राज्याला हे लगेच परवडणार नाही. म्हणूनच जे हाती आहे ते जपणे हाच आपल्यापुढचा व्यवहार्य मार्ग होय.

कायदा आणि नळ

कायद्याची उणीव नाही. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ नावाच्या यादीतील औषधे, ज्यांत अनेक प्रभावी प्रतिजैविके आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विक्रेत्याने डॉक्टरांचे नाव, रोग्याचे नाव आणि दिलेले प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. पण कायदा असणे आणि पाणी असणे यांत अंतर असते, हे लातूरकरांना कोणी सांगायला नको. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्राने १९९३ सालीच केला होता. तरी २०१६ साली रेल्वे यावी लागली.

केवळ बंदीचा बडगा उगारला तर तो आधी त्या शेतमजूर बाईच्याच पाठीत बसेल, हा आक्षेप रास्त आहे. वेळेवर प्रतिजैविक न मिळाल्याने मरणारी माणसेही या देशात आहेत. म्हणून नियंत्रण आणि सोय या दोन्ही गोष्टी एकत्रच याव्या लागतील. केरळने २०१८ साली राज्याचा स्वतःचा कृती आराखडा केला, आणि २०२४ च्या जानेवारीत चिठ्ठीविना विक्री करणाऱ्या दुकानांवर कारवाईची मोहीम उघडली. त्यानंतर विक्रीत लक्षणीय घट झाल्याचे त्या सरकारने जाहीर केले. मात्र केरळात प्राथमिक आरोग्य केंद्राचा दरवाजा उघडा असतो, हे आपण विसरता कामा नये.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर तीन गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पहिली, कल्चर तपासणीची. रक्तात कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे ही तपासणी सांगते. ती वेळेवर झाली तर डॉक्टरांना अंधारात तीर मारावा लागत नाही आणि सर्वांत भारी औषध सर्वांना सरसकट द्यावे लागत नाही. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी आपापल्या रुग्णालयांत कोणत्या जंतूंवर कोणती औषधे किती टक्के चालतात, याचा तक्ता दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करून तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचवावा. भूजल सर्वेक्षण खाते निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, तशी ही पातळीची मोजणी असेल.

दुसरी गोष्ट माणसांची आणि साबणाची. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. १८४६ साली ज्या विभागात अकरा टक्क्यांहून अधिक बाळंतिणी मरत, तेथे १८४८ साली हे प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली आले. तेव्हा प्रतिजैविक हा शब्दही जन्माला आला नव्हता. जो संसर्ग झालाच नाही, त्याला औषध लागत नाही. परंतु एका परिचारिकेकडे डझनावारी अर्भके सोपवली तर प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी तिने हात धुवावेत ही अपेक्षा वेळेच्या हिशेबातच बसत नाही. परिचारिकेची रिकामी जागा ही शासनाला बचत वाटते. ती बचत पुढे महागड्या इंजेक्शनांत आणि कोवळ्या जिवांत वसूल होते.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांची. सर्दी-खोकल्यावर प्रतिजैविकाचा आग्रह डॉक्टरांकडे न धरणे, मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला न देणे, चिठ्ठीशिवाय न मागणे, लिहून दिलेले औषध डॉक्टरांना न विचारता मध्येच न सोडणे. यात मी स्वतःला वगळत नाही. परीक्षेच्या हंगामात घसा बसला की तास बुडू नये म्हणून मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणण्याचा शहाणपणा मीही अनेकदा केला आहे. मला तर पगारी रजा आहे. त्या शेतमजूर बाईकडे जे कारण होते, ते माझ्याकडे नव्हते.

२०२३ च्या त्या दोन दिवसांनंतर औषधांच्या खरेदीची चौकशी झाली, साठ्याची मोजदाद झाली. ती पुढेही होत राहिली पाहिजे. पण त्या मोजदादीत आता आणखी एक रकाना वाढवण्याची वेळ आली आहे. कपाटातले औषध किती, याच्या शेजारी ते किती चालते, हेही लिहिले गेले पाहिजे. तो रकाना जोवर रिकामा आहे, तोवर पुढच्या दुर्घटनेच्या वेळी शासन साठा पुरेसा होता असे म्हणेल, कदाचित ते खरेही असेल, आणि तरीही काचेच्या पेटीतले मूल वाचलेले नसेल.